घरातला समुद्र, विजेचं बिल आणि रात्रीची झोप

"अरे, नळ वाहतोय बघ कुठंतरी."

रात्रीचे दोन वाजले होते. आईने आधी स्वयंपाकघरातला नळ पाहिला, मग बाथरूममधला, मग ड्राय बाल्कनीतला. सगळे घट्ट बंद. शेवटी ती दिवाणखान्यात येऊन माझ्या नव्या रीफ टँकसमोर, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसमोर, उभी राहिली. वरच्या टाकीतून खालच्या संपमध्ये, कॅबिनेटच्या आत, अडीच फुटांवरून पाणी कोसळत होतं. ठाण्यात सोसायटीला दिवसाआड टँकर यायचा ते दिवस. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकत आमच्या घरात कुणाला झोप लागणं शक्यच नव्हतं. पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं तेव्हा उरलीसुरलीही उडाली.

मग प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर आणलं आणि एकेक यंत्र मोजत गेलो. १६५ वॅटचा म्हणून विकत घेतलेला एलईडी दिवा प्रत्यक्षात ११५ वॅट घेत होता, दिवसाला नऊ तास. संपमधलं पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप ४० वॅट, लाटा उठवणारे दोन पंप मिळून २४, फेसातून पाण्यातली घाण काढणारा स्किमर १८, आणि हे सगळे चोवीस तास. चिलर चालू असताना १९० वॅट, आणि मे महिन्यात तो रोज अकरा तास चालत होता. बेरीज दिवसाला पाच युनिटच्या थोडी वर, म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. वर्षभर अखंड चालणारा एक वॅट पावणेनऊ युनिट खातो, हे गणित शाळेतच येत होतं. पण घरात बारा महिने न थांबता चालणारी यंत्रं फ्रिज सोडला तर नव्हतीच, त्यामुळे ते कधी टोचलं नव्हतं. त्यात आपल्याकडचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. टाकीचे दीडशे युनिट घरच्या वापराच्या डोक्यावर जाऊन बसतात, म्हणजे वरच्या टप्प्याच्या भावाने मोजावे लागतात.

प्रवाळांची टाकी घरात शांतपणे आणि थोड्या विजेत चालवता येते का, हा प्रश्न तिथून सुरू झाला. येते, असं आज म्हणू शकतो. मात्र त्यासाठी या छंदाच्या पुस्तकांतला बराच भाग विसरावा लागला, कारण ती बहुतेक बर्लिन किंवा अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेली आहेत. तिथे टाकी तापवायची असते. आपल्याला ती गार ठेवायची असते.

गंमत अशी की या छंदाची एक मुळी आपल्यासारख्याच हवेतली आहे. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, जवळचं समुद्राचं पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेच्या नळीतून येणारे थोडे बुडबुडे, एवढ्यावर त्यांचे मासे आणि प्रवाळ जगत होते. फिल्टर नाही, पंपांची रांग नाही. खडकाच्या छिद्रांत बसलेले जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. हे काम फुकटात होतं, आणि आवाज न करता.

पश्चिमेत मात्र गाडी दुसऱ्या रुळावर गेली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत 'मिनी रीफ'ची लाट आणली. त्यात प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत खाली पडायचं. फिल्टर चांगला, पण रचनाच अशी की तो बोलल्याशिवाय राहत नाही, शिवाय नायट्रेट साचत राहतं. जर्मनांची बर्लिन पद्धत त्याहून शहाणी: भरपूर जिवंत खडक, जोरकस स्किमर आणि वर २५० किंवा ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे. बर्लिनच्या हिवाळ्यात त्या दिव्यांची ऊब घराला लागतच असेल. मोनॅकोत ज्याँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली स्थिर पाण्याचा कप्पा ठेवून नायट्रेटचा प्रश्न जवळजवळ यंत्रांशिवाय सोडवला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी जाळीवर शेवाळ वाढवून पाणी शुद्ध केलं. कल्पना सुंदर, पण त्यांच्या यंत्रातली बादली भरली की उलटते आणि पाणी धाडकन जाळीवर पडतं. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर करून पाहावी.

पुढे एलईडी आले, डीसी पंप आले, आणि आता बाजारात मिळणारी टाकी या सगळ्या घराण्यांची खिचडी असते. खिचडीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रत्येक घराण्याचं प्रत्येक यंत्र एकाच टाकीत कोंबण्याला. दुकानदार तेच करतो, कारण त्याला यंत्रं विकायची असतात.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. ते उष्णतेचं आहे.

पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी पाण्याची उष्णता होते. पाणी उचलण्यात, ढवळण्यात, घर्षणात, सगळीकडून ती तिथेच येते. २०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण पाव युनिटहून थोडी कमी उष्णता लागते. म्हणजे ६० वॅटचे पंप पाण्यात असतील आणि उष्णता बाहेर जायला वाट नसेल, तर दर चार तासांना एक अंश. मग ती काढायला चिलर. चिलर वीज खाऊन ती उष्णता खोलीत टाकतो, त्यात स्वतःची भर घालून. खोली तापते, म्हणून एसी लावायचा. एकाच वॅटचे पैसे आपण तीनदा भरतो, आणि तिन्ही यंत्रं आवाज करतात. वीज वाचवण्याची एक यादी आणि आवाज कमी करण्याची दुसरी, अशा दोन याद्या मी सुरुवातीला केल्या होत्या. महिनाभरात त्यांची एकच झाली.

पाणी गार करायची आपली जुनी पद्धत म्हणजे माठ. विदर्भातल्या माणसाला डेझर्ट कूलर समजावून सांगावा लागत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट एवढी उष्णता घेऊन जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर तीन वॅटचा पंखा तिरका लावला आणि दिवसाला चार लिटर पाणी उडून गेलं, तर अडीच युनिटहून जास्त उष्णता बाहेर पडली. कुठल्याही चिलरला एवढ्या स्वस्तात हे जमणार नाही. नागपूरला किंवा पुण्याला एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा पंखा एवढं काम करतो की पाणी हवं त्यापेक्षा गार होण्याची भीती असते, त्याला थर्मोस्टॅट लावावा लागतो.

मुंबई-ठाण्यात आणि कोकणात तोच पंखा मे महिन्यात हात टेकतो. हवा ३१ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी कितीही केलं तरी साधारण २७ अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात २८ वर थांबलं तरी पुष्कळ. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकली की पंखा नुसता फिरतो, आणि जी काही वाफ होते ती भिंतीला बुरशी आणते. त्यामुळे घाटावरच्या मित्राचा सल्ला किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरच्याचा घाटावर चालत नाही.

इथे एक विचारायची राहून गेलेली गोष्ट आहे. पाणी नेमकं किती गार हवं? पुस्तकं २५ म्हणतात. दुकानदार २५ म्हणतात. १९९९ मध्ये जोन क्लेपास आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सुमारे हजार प्रवाळ-ठिकाणांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा तिथल्या पाण्याचं सरासरी तापमान २७.६ अंश आलं. आपल्या लक्षद्वीपचा समुद्र तर एप्रिल-मेमध्ये त्याहून वर असतो. तेव्हा २५ हा काही समुद्राने दिलेला आकडा नव्हे. खोली ३१ अंशांवर असताना टाकी २५ वर ठेवायची म्हणजे सहा अंशांचा फरक राखायचा. २७.५ वर ठेवली तर साडेतीनचा. काचेतून आत शिरणारी उष्णता फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे चिलरच्या डोक्यावरचा तेवढा भार चाळीस टक्क्यांहून जास्त उतरतो, आणि त्यासाठी फक्त एक बटण दाबावं लागतं.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवत नाही. प्रवाळ आपल्या सवयीच्या उन्हाळ्याच्या वर एखादाच अंश सरकला आणि काही आठवडे तिथे राहिला, की आपल्या पेशींत राहणारं शेवाळ बाहेर टाकून पांढरा पडतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पाहिलं. २७.५ वर चालणाऱ्या टाकीत चुकीला जागा कमी असते. चिलर बिघडला तर वेळ कमी मिळतो, आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. म्हणून मासे निम्मे ठेवायचे. माझ्या मते हा सौदा करण्यासारखा आहे. ज्यांना टाकी माशांनी गच्च भरलेली हवी असते त्यांनी करू नये.

चिलर ठेवायचाच तर तो टाकीखालच्या कॅबिनेटमध्ये कोंडू नका. तिथे तो स्वतःचीच गरम हवा ओढतो आणि दुप्पट चालतो. ड्राय बाल्कनीत ठेवून इन्सुलेशन गुंडाळलेल्या नळ्यांनी टाकीशी जोडला, तर उष्णताही बाहेर आणि घरघरही बाहेर. टाकीच्या मागे, खाली आणि न दिसणाऱ्या बाजूला इंचभर जाडीचं थर्मोकोल चिकटवलं की चिलरचे तास आणखी कमी होतात. माझ्या टाकीला पंचवीसतीस रुपयांचं थर्मोकोल लागलं. इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या छंदात मला भेटलेली नाही. रात्री बेडरूमचा एसी लागणारच असेल, तर टाकी तिथेच ठेवण्याचा मोह होतो, आणि तो वाईट नाही. आठ तास खोलीबरोबर टाकीही निवते. फक्त मग ती टाकी उशापासून पाच फुटांवर येते.

तेव्हा आता आवाज.

रीफ टँकच्या आवाजांत सगळ्यात त्रासदायक गुडगुड असते, आणि ती यंत्राची नसतेच. संपमध्ये उतरणाऱ्या पाइपात पाणी आणि हवा एकत्र घुसतात, हवा अडकते, सुटते, पुन्हा अडकते. यावर हर्बी पद्धत म्हणून ओळखला जाणारा साधा उपाय आहे. एकाऐवजी दोन पाइप. पहिल्याचं तोंड पूर्ण पाण्याखाली, आणि खाली एक व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह इतका आवळायचा की पाइप काठोकाठ भरून वाहील आणि हवेला आत यायला जागाच उरणार नाही. दुसऱ्या पाइपचं तोंड किंचित वर. त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार जाते. पहिल्यात कधी गोगलगाय अडकली, तर सगळं पाणी वाहून न्यायला तो मोकळा असतो.

आमच्या बिल्डिंगच्या प्लंबरला हे पटवणं सोपं गेलं नाही. "साहेब, अर्धा बंदच ठेवायचा, तर व्हॉल्व्ह लावायचा कशाला?" त्याने आणला तो बॉल व्हॉल्व्ह. त्याची दांडी पाव फेरीत उघड किंवा बंद होते, मधलं काही नेमकं साधत नाही. गेट व्हॉल्व्ह लागतो, आट्यांवर सावकाश फिरणारा. तो बसवल्यावर आम्ही दोघं कॅबिनेटसमोर मांडी घालून बसलो. एकेक आटा आवळत गेलो. आधी गुडगुड, मग चहा शेवटी भुरकताना येतो तसा आवाज, मग एक लांब श्वास, आणि मग काहीच नाही. प्लंबरने पंप बंद पडला असं समजून पाण्यात हात घातला. पाणी वाहत होतं. तासाभराने पातळी थोडी चढली, पाव आटा सैल केला, आणि तो व्हॉल्व्ह नंतर कित्येक महिने कुणी हलवला नाही. एक बारकावा: पाइपचं खालचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडालेलं असावं. जास्त बुडालं तर वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू होताना पाइपातली हवा बाहेर पडत नाही.

यंत्रांची गुणगुण ही वेगळी जात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एसी पंपाचा चुंबक सेकंदाला शंभरदा थरथरतो. ती थरथर कडक पीव्हीसी पाइपातून काचेत, काचेतून प्लायवूडच्या कॅबिनेटमध्ये जाते, आणि पोकळ कॅबिनेट तबल्याच्या डग्ग्याचं काम करतं. पंपाखाली रबराची चटई आणि पंप ते पाइप यांच्या मध्ये वीतभर सिलिकॉनची मऊ नळी, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला पंप धुतल्याने. चुन्याचा थर चढला की पंप खडखडतो आणि वीजही जास्त खातो. तीन महिन्यांनी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायचा.

डीसी पंपाचा फायदा इथे दोन्हीकडून होतो. त्याचा वेग कमी करता येतो, आणि पंपाची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग तीस टक्क्यांनी उतरवला की हिशेबाने वीज एक तृतीयांशावर येते. पाणी वर चढवायचा भार असतो म्हणून प्रत्यक्षात इतकी येत नाही, पण फरक बिलात दिसतो आणि कानाला त्याहून जास्त जाणवतो. म्हणून गरजेपेक्षा थोडा मोठा डीसी पंप घेऊन सावकाश चालवावा. पंख्यांचंही तेच. छोटा, पिसाटल्यासारखा फिरणारा पंखा घेण्यापेक्षा कॉम्प्युटरचा १२० मिलीमीटरचा पंखा निम्म्या वेगाने चालवलेला बरा.

पण मुळात पाणी इतकं उचलायचं कशाला? तासाला हजार लिटर पाणी सव्वा मीटर वर चढवायला निव्वळ काम सव्वातीन-साडेतीन वॅटचं आहे. छोटे पंप त्यासाठी पंधरा-वीस वॅट घेतात, बाकीची सगळी पाण्याची ऊब. तेच पाणी वीस सेंटीमीटर चढवायचं असेल तर काम अर्ध्या वॅटच्या थोडं वर. म्हणून माझी दुसरी टाकी संप नसलेली आहे. मागच्या बाजूला काचेचा उभा कप्पा, त्यात फिल्टर आणि एक चिमुकला पंप. पाणी दोन बोटं खाली उतरतं, कोसळत नाही. शंभर लिटरची ही टाकी मोजली तेव्हा दिवा सरासरी ४५ वॅट आठ तास, रिटर्न पंप ७ वॅट, लाटांचा पंप ६ वॅट. स्किमर नाहीच, त्याऐवजी दर रविवारी दहा लिटर पाणी बदलतो. चिलर मे आणि ऑक्टोबरमध्ये दिवसाला साडेतीन तास. सगळं धरून वाईटात वाईट महिन्यात ३७-३८ युनिट, जानेवारीत वीसएक. टाकी आधीच्या निम्मी आहे हे खरं, पण बिल चौथ्या हिश्शावर आलं.

दिव्याबद्दल फार लिहीत नाही, कारण इथे तंत्रज्ञानाने आपलं काम आधीच केलंय. मेटल हॅलाइडचा काळ गेला. स्वस्त एलईडी पेट्यांचे दिवे ठीक असतात, त्यांचे पंखे मात्र सहा महिन्यांत कुरकुरू लागतात. पंखा नसलेला, मागे जाड ॲल्युमिनियमची पट्टी असलेला दिवा घ्यावा आणि पाण्यापासून वीतभर वर टांगावा. खरी बचत दिवा कोणता यापेक्षा प्रकाश कुणासाठी हवा यावर ठरते. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळाला मशरूम किंवा झोअँथिड अशा मऊ प्रवाळांच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश लागतो, प्रवाहही तसाच जोराचा, आणि पाण्यातलं कॅल्शियम रोज मोजून भरावं लागतं. मऊ प्रवाळ मंद उजेडात, संथ पाण्यात, २८ अंशांवरही तग धरतात.

आणि इथेच कायदा येऊन उभा राहतो. या छंदाच्या गप्पांत त्याचं नाव निघालं की लोक विषय बदलतात, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखेही आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच. आपल्या समुद्रातून असा प्रवाळ काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. मेलेला, वाळलेला, शोभेचा तुकडाही त्यात येतो. म्हणजे पुस्तकांतला तो प्रसिद्ध 'जिवंत खडक', जो मुळात जुन्या प्रवाळाचा सांगाडा असतो, तो आपल्या किनाऱ्यावरून उचलून आणणंही. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ आड आले, तेव्हा ते हलवायला महापालिकेलाही वन खात्याची परवानगी काढावी लागली होती. मालवणला पाण्यात उतरून ते पाहता येतात. ते पाहावेत, आणि हात न लावता वर यावं.

परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांचं वेगळं. ते साइट्स या, संकटातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतात. २०२२ च्या दुरुस्तीने तो करार आपल्या कायद्यात आला आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यात बसणारा जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीतून 'इंडोनेशियाचा पीस आहे' म्हणून मिळणाऱ्या तुकड्याबरोबर कधी कागद मिळालाय का, हे ज्याचं त्याने आठवावं. मला एकदा दुकानदाराने कागद मागितल्यावर "तुम्ही पोलीस आहात का?" असं विचारलं होतं. मी पिशवी काउंटरवर ठेवून बाहेर पडलो.

यातून एक गोष्ट निघते, जी मला आधी सुचली नव्हती. जे प्राणी कायद्याने अडचणीचे, तेच विजेनेही महाग आणि आवाजानेही. कठीण प्रवाळ वगळले की तीव्र दिवा जातो, मोठे लाटांचे पंप जातात, कॅल्शियम सोडणारी यंत्रं जातात, आणि तापमानाचा काटा अर्ध्या अंशाने हलला तर घाम फुटत नाही. खडक सिमेंट किंवा सिरॅमिकचा घ्यावा. सच्छिद्र असला की जिवाणू त्यावरही बसतात, फक्त चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवायचा धीर हवा. मासे अंड्यातून वाढवलेले मिळतात. क्लाउनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच साधली आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननेही शोभेच्या समुद्री माशांचं पैदास केंद्र उभं केलंय. असा मासा घरी आल्या दिवसापासून दाणे खातो. समुद्रातून पकडलेला पुष्कळदा उपाशी मरतो.

कुणी म्हणेल, मग तो रीफ कसला? नुसते हलणारे मशरूम आणि दोन नारिंगी मासे. म्हणोत. माझ्या टाकीतल्या झोअँथिडच्या चटईवर संध्याकाळी साडेसात वाजता एक कोळंबी बाहेर येते आणि माशाच्या कल्ल्यांत पाय घालून साफसफाई करते. तो मासा तोंड उघडून स्थिर उभा राहतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा. हे पाहायला अॅक्रोपोरा लागत नाही.

पाण्याबद्दल थोडं. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी टाकीत घालू नका. पावसाळ्यात त्याची क्षारता पडते आणि बारा महिने त्यात सांडपाणी असतं. लिटरला ३६-३८ ग्रॅम समुद्री मीठ लागतं. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र गोडं पाणीच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही. घरच्या आरओचं पाणी चव यावी म्हणून मुद्दाम थोडे क्षार राखून दिलेलं असतं. त्याच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं एक डीआय काडतूस जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्यावर आणावा लागतो. आरओतून वाया जाणारं पाणी लादी पुसायला जातं, ही आईची अट होती आणि ती रास्त आहे.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. प्रवाह थांबला की माशांनी भरलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांत संपतो. कमी मासे असतील तर तीच टाकी बराच वेळ काढते. घरचा जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर एसी पंप त्यावर भुंग्यासारखा घोंघावतो, रात्री लाइट गेल्यावर पंखा घोंघावतो तसाच. डीसी पंप सरळ बॅटरीवर चालतो. युपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासांची छोटी बॅटरी सहा वॅटच्या लाटांच्या पंपाला सात-आठ तास पुरते. पूर्वीच्या टाकीचा दोनतीनशे वॅटचा संसार तिने पंधरा मिनिटंही ओढला नसता. आणि प्लगबोर्ड टाकीपेक्षा उंच लावा, वायरला खाली झोका देऊन. मीठ वायरवरून चालत येतं, हे मी एक बोर्ड जळाल्यावर शिकलो.

टाकी घ्यायच्या विचारात असाल, तर घाई करू नका. मे महिना येऊ द्या. टाकी जिथे ठेवणार त्या जागी पाण्याने भरलेली बादली आठ दिवस ठेवा, आणि रोज पहाटे आणि दुपारी चार वाजता त्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहा. बादलीला ना पंप ना दिवा, त्यामुळे टाकीचं पाणी तिच्यापेक्षा एखाद-दोन अंश वरच राहील. बादली २६ च्या आत राहिली, तर पंख्यावर भागेल. २८ ओलांडली, तर चिलरची किंमत आणि त्याची वीज आधी खर्चात धरा, आणि मगच काचेचं माप द्या.